थंडीनं सोललेलं अंगण

सिमला, जानेवारी १९६२

सौ. कोकिळाले पुंडलिकचा मनापासून आशीर्वाद.

मी बरा आहो. कय्युमभाई संगं आहे, दोघं मिळून भाकरी थापतो. तो रातभर खोकलते, पण दिग्रसले आयशाबीभाभीजवळ ते बोलू नको.

बंगल्यापुढचं अंगण आम्ही पुरं केलं होतं. लाल सिमेट घोटून त्यात तू काढतं तशी वेलबुट्टी दाबली होती. मालकीणबाई खुश झाल्या. पण त्याच राती असं हीव पडलं, का ओल्या सिमेटातलं पाणी गोठलं. सकाळी वरचा थर पापडावाणी सुटून आला. कय्युमभाई म्हणे, "पुंडलिक, ही थंडी आपल्याले समजलीच नाही." मंग मीच सब्बल घेऊन सारं फोडलं.

ठेकेदार म्हणते, "चैत्रात ऊन तापलं का नवं घाला, मंगच गावाले जा." तोवर कोळशाच्या पाट्या वाहून राह्यलो. हाताले भेगा पडल्या, तेल लावतो.

तुरी सोंगल्या काय? बाबाचं जेवण कसं आहे? तुले सातवा सरत आला असंन. पाण्याचे हंडे उचलू नको. फागुनात येतो म्हटलं होतं, ते होत नाही. उमरखेडहून तुह्या मायले आताच बोलावून घे. माही वाट पाहू नको.

लेकरू झालं का नाव तूच ठेवजो.

तुहाच,
पुंडलिक