तिकीट काढून पाहिलेला मुलगा

पेडणे,
१८ नोव्हेंबर २००९

ती. सुमंगलाताईस,

सगुणाचा साष्टांग दंडवत. आम्ही दोघे ठीक. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे ते कळव. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचे आहे.

आपल्या विनोदिनीला कोरगावच्या ज्या जुन्या घराण्यातून मागणी आली, ते घर मी काल पाहून आलो. तू म्हणाली होतीस, "सव्वीस खोल्यांच्या घरात पोरगी जन्मभर केरसुणी घेऊन फिरेल, नकार कळव." कळवणारच होतो. पण न पाहता नाकारणे बरे दिसत नाही, आणि हल्ली ते लोक तिकीट लावून घर दाखवतात, म्हणजे ओळख न देता पाहता येते. म्हणून मी आणि जानकी (बायकोला असल्या कामात नेऊ नये, पण ती मागे राहत नाही) बेळगावच्या दहा-बारा प्रवाशांत मिसळलो.

घर दाखवणारा तरुण गोड बोलत होता. बाकीचे पालखी बघत होते, पितळी समया बघत होते. मी आपल्या कामाचे विचारीत होतो. पालखीपाशी विचारले, नळाला पाणी किती वेळ येते. कोरीव पलंगापाशी विचारले, स्वयंपाकघर इथून किती लांब. बेळगावची एक बाई माझ्यापासून चार पावले दूर जाऊन उभी राहिली. तरुणाने मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. शेवटी त्याला बाजूला घेऊन मी हळूच (जानकीच्या मते माझे हळू पेडण्याच्या बाजारात ऐकू जाते) म्हणालो, "बाबा, तू इथला नोकर माणूस, खरं सांग. मालकाचा मुलगा वागायला कसा? घेतो-बितो का?"

तो म्हणाला, "घेत नाही. घोरतो, असं आई म्हणते."

"आणि एवढ्या घराचा केर कोण काढतं?"

"तोच, पहाटे उठून. बारा खोल्या दाखवायच्या, अकरा बंद, राहायला तीन."

"मग येणाऱ्या सुनेनं काय करायचं?"

"ती शाळेत शिकवते ना? शिकवू दे. केर मला जमतो."

तो 'मला' माझ्या डोक्यात शिरेपर्यंत आतून त्याची आई आली. "शिवदासा, पावण्यांक च्या दी रे!"

शिवदास! ताई, तू पत्रिका पाठवलीस, फोटो नाही. यात माझा काय दोष? सगळे हसले. मी खांबाआड जायला पाहिले, तर खांबाला दोरी बांधलेली. जानकीने शांतपणे सांगून टाकले, "हे मुलीचे मामा. चौकशीला आलेत."

वाटले, आता बाहेर काढतील. पण त्या माउलीने एका जुन्या कदेलावरची 'बसू नये' ही पाटी उचलली आणि मला त्याच खुर्चीवर बसवले. "घर मोठं म्हणून तीन ठिकाणांहून नकार आले," ती म्हणाली. "विचारायला कोणीच आलं नाही. तुम्ही निदान आलात." ताई, दुसरा चहा पुढे आला, तोही मी घेतला. शिवदास तेवढ्यात आमच्या चपलांनी आलेली लाल माती वाकून पुसत होता.

मुलगा चांगला आहे. ठरवायचे तुम्ही, मी कसलाही शब्द दिलेला नाही.

तुझा,
सगुण

ता. क. शब्द दिलेला नाही, पण येत्या रविवारी ती मंडळी कारापूरला तुझ्याकडे जेवायला येतील, एवढे तोंडून गेले. पाच माणसे. खतखते कर.

दुसरा ता. क. निघताना अभिप्रायाच्या वहीत सही करायला गेलो, तर मागच्या पानांवर विनोदिनीचे अक्षर चार वेळा दिसले. तीनदा लिहिले आहे, 'घर छान आहे.' चौथ्यांदा, 'माहिती देणारे छान आहेत.' तिला ओरडू नकोस. हे पत्र त्याचसाठी लिहिले.