मागच्या दाराने येऊ नकोस

प्रिय मर्टलताई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मी वेळेवर जेवते, कोंबड्याही पुन्हा अंडी देऊ लागल्या आहेत. काळजी करू नकोस.

मी शॉटगन घेतली, छऱ्यांच्या काडतुसांची. दुकानदार मोठी दाखवत होता; मी हलकी आणि आखूड घेतली, घरातल्या बोळात वळवता येईल अशी. शेजारचे क्लेटनकाका कुरणात ती चालवायला शिकवतात. पहिल्याच बाराला खांदा काळानिळा झाला.

"पोरी, खेचराची लाथ आहे ही. नवऱ्याला कवटाळायचीस तशी घट्ट कवटाळ," ते म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

दुसऱ्या बाराला कुंपणावरचं कलिंगड फुटलं. लाल गर माझ्या बुटांपर्यंत उडाला. माझ्या रसेलची छाती अशीच झाली होती, ताई.

"नुसती बंदुकीची मूठ मागेपुढे खेचून खटखट केली तरी चोर पळतो," असं इथे सगळे म्हणतात. तो माणूस मागच्या दाराने शिरला तेव्हा रसेलने तेच केलं. रसेलची बंदूक रिकामी होती. त्या माणसाची भरलेली होती.

माझी भरलेली असते. मी खटखट करत बसणार नाही.

वेंडेलभावजींचा गुडघा कसा आहे? थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघंही या. पण नेहमीसारखी तुझ्या किल्लीने मागचं दार उघडू नकोस. फाटकातूनच मला हाक मार, आणि मी ओ देईपर्यंत पायरी चढू नकोस.

तुझी धाकटी,
आयडा