मेंढवाटेचे दोन गुंठे

श्री बिरोबा प्रसन्न

मी, सयाजी येडू बंडगर, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा गवंडीकाम, मूळ राहणार तांबडवाडी, तालुका माढा, सध्या मुक्काम सोलापूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण असे म्हणतच त्यांनी माझ्या तीन सह्या घेतल्या. चौथी मी माझ्या मर्जीने करतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला धाक घातलेला नाही किंवा गोड बोलून वळवलेले नाही. वळवायचा प्रयत्न धाकटा भाऊ बाळासो याने केला, तो जमला नाही, एवढे नोंदवून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. सोलापुरातील दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी सौ. वैजयंती हिला द्यावी. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. मागच्या भिंतीला ओल येते. "लोकांची घरं बांदतासा आन् आपल्याच घरात बुरशी," असे ती बावीस वर्षे म्हणत आली. तिचे बरोबर आहे. दवाखान्यातून परत आलो तर घरातले पहिले ते काम.

२. गावाकडची दीड एकर जिराईत जमीन व विहिरीतील माझा निम्मा हिस्सा बाळासोला द्यावा. याला कोणतीही अट नाही. बाळासो, अट घातली असती तर ती कशी मोडायची याचाच तू विचार करत बसला असतास. पुढचे कलम वाचून तुला राग येईल, तेव्हा हे कलम पुन्हा वाच.

३. तांबडवाडीत बिरोबाच्या टेकडीच्या पश्चिम अंगाला दोन गुंठ्यांची लांबट पट्टी आहे. वाटणीत ती माझ्याकडे आली आणि सातबारा माझ्या एकट्याच्या नावावर आहे. गावात तिला मेंढवाट म्हणतात. जत्रेत मेंढरे देवाच्या भंडाऱ्याला न्यायची ती याच वाटेने. मेंढरू टेकडी कधी सरळ चढत नाही, वळसा घेत हळूहळू चढते. आमचे वडील सांगत, बिरोबा मेंढरांच्या मागून चालत आला. पायऱ्या चढून आला, असे मला कोणी सांगितलेले नाही.

पायऱ्या मी बांधल्या. सहा इंची अठ्ठावीस पायऱ्या, पूर्वेच्या अंगाला. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. गाव सुधारले म्हणून लोकांनी मला फेटा बांधला. लोक पायऱ्यांनी जाऊ लागले आणि मेंढवाटेवर बाभळी उगवल्या. ज्यांना पायऱ्या चढता येईनात त्यांना मी पाठीवर घेऊन वर नेऊ लागलो. म्हातारी माणसे, पायाने अधू असलेली माणसे, जत्रेच्या एका दिवसात वीस-वीस जण. जत्रेच्या समितीने माझा फोटो काढून खाली 'बिरोबाचा खांदा' असे लिहिले. तो फोटो समितीच्या खोलीत आजही आहे. त्याचे काय करायचे ते पुढे सांगतो.

नऊ वर्षांपूर्वीच्या जत्रेत श्रीदेवी नावाची मुलगी अक्कलकोटकडून वडिलांबरोबर आली. त्या भागात बिरोबाला बीरप्पा म्हणतात. ती चाकाच्या खुर्चीत होती. मी तिला विचारले नाही. खुर्ची खाली ठेवली आणि तिला उचलले. लोकांनी चांगभलं केले. वर देवापुढे बसवले आणि मी ढोलाच्या नाचात गेलो. तिचे वडील गुरुसिद्धप्पा मला त्या गर्दीत शोधत फिरले. मी तीन तासांनी वर गेलो. ती दीपमाळेला टेकून बसली होती. तिला लघवीला जायचे होते आणि तिने ते कोणाला सांगितले नव्हते.

ती रडली नाही. म्हणाली, "अण्णा, देव भेटला, खरं तुमच्या मर्जीनं. आन् खाली कवा जायचं ते बी तुमीच ठरवणार की."

त्या दिवसापासून मी कोणाला उचललेले नाही. गावाला वाटले, सयाजीची पाठ गेली.

वरील पट्टी मी माझी मुलगी कु. संस्कृती हिला देतो. तिने ती विकू नये, भाड्याने देऊ नये, तिच्यावर दुकान, मांडव किंवा पाळणा उभारू देऊ नये. जत्रेचे पाच दिवस आणि वर्षातले बाकीचे सगळे दिवस ती पट्टी चाकाच्या खुर्चीने, कुबडीने, काठीने किंवा हळू चालत देवाला येणाऱ्यांसाठी मोकळी राहील. मेंढरांचाही हक्क कायम राहील.

मी समितीला जागा का दिली नाही, असे कोणी विचारेल. बाळासो समितीचा सचिव आहे. यंदाच्या जत्रेसाठी त्याने या पट्टीवर मोडनिंबच्या पाळणेवाल्याला बोलावून ठेवले आहे. मला सांगितले फोनवर.

"दादा, पोरं खुश हुत्यात पाळण्यानं. ज्यांना चडता येत न्हाय त्यांना उचलायला आमी हाय की! तूच शिकवलंस न्हवं का?"

"व्हय. मीच शिकवलं. आता मीच मोडणार."

"मेल्यावर कसा मोडशील?"

त्याने हे हसत विचारले. त्याचे उत्तर हा कागद आहे.

४. वाट कशी बांधायची. गेल्या वर्षी मी समितीच्या सांगण्यावरून पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार केला होता. जागा कमी, म्हणून उभा झाला. त्यात मी त्याला शेवटचा हात देताना घोटून घोटून आरशासारखा केला, कारण गवंड्याला गुळगुळीत कामाचा सोस असतो. जत्रेत त्यावर भंडारा सांडला, नारळाचे पाणी पडले आणि हळदीचा चिखल झाला. त्या दिवशी श्रीदेवी आठ वर्षांनी पुन्हा आली होती. तिची खुर्ची अर्ध्यातून मागे घसरली. तिचे कोपर सोलले. संस्कृती, जी सोलापुरात बांधकामाची पदविका शिकते, टेप लावून मला म्हणाली, "बाबा, हा उतार न्हाय, घसरगुंडी हाय."

म्हणून: एक फूट चढाला बारा फूट लांबी. चढ चौदा फुटांचा, म्हणजे वाट एकशे अडुसष्ट फूट. दर तीस फुटांवर थांबायला सपाट जागा, ती या लांबीत धरायची नाही. रुंदी सहा फूट, म्हणजे समोरून दुसरी खुर्ची आली तर कोणाला मागे सरकावे लागणार नाही. दोन्ही बाजूंना कठडा. वर टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव घालून खडबडीत केलेली शहाबादी फरशी, घोटायची नाही. वळण मेंढवाटेचेच ठेवावे. पायथ्याशी एक शौचालय, त्याचे दार तीन फुटांचे, आत खुर्ची वळेल एवढी जागा. याचा खर्च वैजयंतीने ठेवीतून करावा. तिला विचारले आहे. ती म्हणाली, "करा. ओल काय, बावीस वर्सं बघत आले, अजून बघीन."

५. वाटेच्या तोंडाशी पाण्याचा नळ आणि चार बोटे खोल हौद असावा. कारण पुढे दिले आहे. त्या घसरणीनंतर श्रीदेवीला विचारून, ती हो म्हणाल्यावर, मी आणि संस्कृतीने खुर्ची मागून धरून वर नेली. देवळाच्या दारात आप्पा पुजाऱ्यांनी हात आडवा केला.

"खुर्ची भाईर. चाकं रस्त्यावरनं फिरत्यात, म्हंजी पायतानच झालं की."

श्रीदेवी म्हणाली, "आप्पा, ही माजी पायं हायत. तुमी तुमची भाईर काडून ठिवा, मग मी बी ठिवते."

मागे कोणीतरी फिसकन हसले. आप्पा रागावले की काय, म्हणून मी पुढे झालो. आप्पा आत गेले, तांब्या घेऊन आले आणि दारात येणाऱ्यांच्या पायांवर घालतात तसे त्यांनी दोन्ही चाकांवर पाणी घातले. म्हणाले, "ये बाई."

मी देवळात चाळीस वर्षे जातो. देव तेथे आहे यावर माझा विश्वास होताच. त्या दिवशी तो मला दारात दिसला.

६. समितीच्या खोलीतील माझा फोटो उतरवावा. चौकट चांगल्या सागाची आहे, ती फेकू नये. तिच्यात जत्रेचा नकाशा लावावा आणि त्यात ही वाट लाल रंगाने दाखवावी. माझ्या नावाची फरशी कोठेही बसवू नये.

७. माझी हत्यारे, म्हणजे थापी, ओळंबा, पाणसळ, काटकोन तपासायचा गुण्या आणि टाक्यांचा संच, संस्कृतीला द्यावीत. पाणसळीतला बुडबुडा थोडा डावीकडे राहतो. हे मला माहीत होते, म्हणून माझ्या भिंती सरळ आल्या. तिने नवीन घ्यावी.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वैजयंतीने करावी. बाळासोने कोर्टात जाण्याचे ठरवले तर जावे. मात्र आधी एकदा खुर्चीत बसून, हात बांधल्यासारखे मांडीवर ठेवून, जत्रेत तीन तास काढावेत.

९. मी दवाखान्यातून चालत बाहेर आलो तर कलम चारमधली वाट मीच बांधावी, ते काम दुसऱ्या कोणासाठी राहू नये, अशी माझी इच्छा आहे. माघातील जत्रेला अडीच महिने आहेत. जड उचलायचे नाही, असे डॉक्टर आधीच म्हणाले आहेत. टाकी जड नसते. बाभळी तोडायला माणसे उद्यापासून लावली आहेत.

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही : सयाजी येडू बंडगर

साक्षीदार. वरील सही सयाजी यांनी आम्हा दोघांच्या देखत केली व आम्ही आमच्या सह्या त्यांच्या देखत केल्या. आम्हाला या कागदातून काही मिळणार नाही.

(१) श्रीदेवी गुरुसिद्धप्पा, बँक कर्मचारी, सोलापूर
(२) आप्पा पुजारी, तांबडवाडी

ठिकाण : सोलापूर. वकिलांचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे वकील, त्यांचे टेबल, आप्पा आणि मी खाली आलो. या सह्या रिक्षाथांब्याशेजारी, कडुलिंबाच्या सावलीत झाल्या.