टवका उडालेली बाटली

नवीन पनवेल,
१७ नोव्हेंबर १९९६

चि. विश्वजीत यास रमाताईचे अ. उ. आ.

तुझ्या सांगण्यावरून काल बाबांना पळस्प्यापुढचं ते ‘हिमरंग विश्व’ दाखवून आणलं. पुन्हा असलं काही सुचलं तर रजा काढून स्वतः ये. दोन मजली सिमेंटची बाटली, तिच्या रंगाचे पोपडे निघालेले. नारिंगी पाण्याचं कारंजं बंद. तिकिटात हिमरंग सरबताची एक बाटली फुकट, तीही कोमट. मुलं झोपाळ्यावरून भांडली आणि माझं डोकं उठलं.

बाबा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तीस वर्षं हिमरंगच्या कारखान्यात उजेडासमोरून जाणारी बाटली न बाटली तपासलेला माणूस! इथे काचेमागे पट्ट्यावर बाटल्या फिरताना दाखवतात. बाबा तिथेच खिळले. थोड्या वेळाने म्हणाले की एकीच्या तोंडाचा टवका उडालाय आणि तीच सारखी फिरून येतेय. माहिती सांगणारी मुलगी हसली, म्हणाली की आजोबांना नीट दिसत नसेल.

नजर मंदावली म्हणून कारखान्याच्या साहेबांनी त्यांना निवृत्तीच्या दोन वर्षं आधी घरी बसवलं, तेव्हाचे शब्द हेच. मोतीबिंदू काढला तर साहेबांचं खरं ठरेल, म्हणून आजवर हटून बसलेत. काल रिक्षात मात्र म्हणाले, ऑपरेशन करून टाकू, मग त्या पोरीला दाखवतो. मी फार दमलेय रे, पण बरं वाटलं.

वहिनीला आठवण सांग. तुझ्यावर माया आहेच, पत्राचा आळस तेवढा सोड.
तुझी, रमाताई


पुणे,
२५ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. रागाने का होईना, हो म्हणाले ना? थंडी आहे तोवर तारीख घे, मी येतो.

एक विचारू? तुला दिसला होता का तो टवका? साहेबांनी बाबांना काढलं तेव्हा मीही म्हणालो होतो की साहेबांचं बरोबर आहे. बाबा ते विसरलेले नाहीत. या वेळी त्यांचंच खरं निघावं असं फार वाटतं.

मुलांना पापा. माझ्यावरचा राग मावळू दे.
तुझा, विश्वजीत


नवीन पनवेल,
१६ फेब्रुवारी १९९७

चि. विश्वजीत यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र माझ्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं आहे, ते मला दिसतंय. ऑपरेशननंतरचा चष्मा आला. रमाच्या मागे लागून काल पुन्हा तिथे गेलो. आम्ही दोघंच होतो. त्याच डझनभर बाटल्या गोल फिरवतात, तेवढं माझं बरोबर होतं. पण टवका नाही. त्या बाटलीच्या तोंडाशी पांढऱ्या रंगाचा थेंब सुकलाय. दहा फेऱ्या पाहिल्या.

रमा म्हणाली, जाऊ दे, घरी चला. पण ती मुलगी ओळखून पुढे आली, तेव्हा तिला सांगितलं की बाटली चांगली आहे, चूक माझी. तिने बसायला खुर्ची दिली.

साहेबांचं बरोबर होतं आणि तुझंही. तेव्हा पाच महिने तुझ्याशी बोललो नाही, त्याचं वाईट वाटतं. शेवटच्या वर्षात माझ्या डोळ्यांदेखत कसल्या बाटल्या पुढे गेल्या असतील, आणि कोणी त्या तोंडाला लावल्या असतील, हे मनातून जात नाही.

ऑपरेशनला तू एकटाच आलास. आता सईला घेऊन ये. नात तीन वर्षांची झाली, मी तिला अजून नीट पाहिलेली नाही.

तुझे, बाबा