कानातली गुणगुण

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

थांबत नाही. दिवाळीपासून कानात सारखं घूं... चौकातली विजेची डीपी गुणगुणते ना, अगदी तसं. काल वर्गात इतकं वाढलं की पोरांचं 'हजर मॅडम' ओठांवरून ओळखलं.

आज रजा टाकून चंद्रपूरला जाऊन आले. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. पडदा नीट, ऐकू नीट येतं. म्हणाले, "याच्यावर गोळी नाही, मॅडम. आवाज जाईलच असं मी सांगत नाही. त्याच्याशी भांडू नका. ध्यान वगैरे करून पाहा."

हे ऐकायला एवढ्या लांब गेले!

घरी आले तेव्हा हे वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होते. खाणीत पर्यवेक्षक होते. गेल्या वर्षी रिटायर झाल्यापासून वांगी आणि हे, हे आणि वांगी. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. मान वर न करता म्हणाले, "होते तसं."

बस. होते तसं!

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल इलेक्शन ड्यूटी. दिवसभर मशीनचा तो लांब पींऽऽ. त्या गडबडीत कानातला आवाज कुठे गेला कळलंच नाही. आज घरी सुट्टी, शांतता — आणि हा हजर. जणू दारातच थांबला होता.

दिपालीचा पुण्याहून फोन. "आई, एक ॲप पाठवते. डोळे मिटायचे आणि ती बाई सांगते तसं करायचं." ॲपमधली बाई इतकी गोड बोलते की मला तिचाच राग आला.

२४ नोव्हेंबर, रविवार

विजयमालाताईंकडे गेले. दवाखान्यात नर्स होत्या, आता दर रविवारी घराच्या गच्चीवर ध्यान शिकवतात. सतरंजी, सातआठ बायका, एक रिटायर पोस्टमन. अगरबत्ती नाही, भजन नाही. बरं वाटलं.

मी म्हटलं, "ताई, श्वासाकडे लक्ष देते तर हा आवाजच मधे येतो."

"मंग श्वास सोडा. आवाजाकडंच लक्ष द्या. तो काही तुमचा दुश्मन नाही."

"मित्र पण नाही ना!"

"नाही. शेजारी आहे म्हणा. आला त येऊ द्या, बसला त बसू द्या. चहा पाजायची काही गरज नाही."

सगळे हसले. मीपण.

२ डिसेंबर, सोमवार

भाकरी थापताना फक्त भाकरी थापायची, असं ताईंनी सांगितलंय. आज थापली. पीठ गार, पाणी गरम. तव्यावर टाकली की चर्र होतं ते आजपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. मग मन गेलं शाळेत, मुख्याध्यापकांच्या मीटिंगमध्ये, तिथून दिपालीच्या लग्नात. भाकरी करपली.

हे मुकाट्याने खाऊन गेले.

८ डिसेंबर, रविवार

व्हरांडा पुसला. कोळशाचे ट्रक जातात ती सडक जवळच, पुसलं की तासाभरात परत काळं. एरवी चिडते. आज नुसतं पुसलं. फडकं काळं झालं, पिळलं, परत पुसलं.

सकाळी मी पाटावर ध्यानाला बसले होते. ताईंच्या गच्चीवरून परत आल्यावर ह्यांनी त्याबद्दल विचारलं, "काहून वं, डोळे मिटून काय करून राह्यली होती?"

"कानातला आवाज ऐकत होते."

माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग चप्पल घालून बाहेर गेले.

अठ्ठावीस वर्षं संसार केला या माणसासोबत. आवाज कसा आहे, दुखतं का, झोप लागते का — एक शब्द विचारावासा वाटत नाही. राग आला. राग कुठे आला ते पाहिलं. छातीत, डाव्या बाजूला. थोड्या वेळाने गेला. हे नवीन आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

वर्गात फार वाईट दिवस. चौथीची चाळीस पोरं, पत्र्याचं छत, आणि कानात डीपी. मुख्याध्यापक पुंडलिकरावांना म्हटलं, यंदाचं वर्ष झालं की नोकरी सोडते. ते म्हणाले, "मॅडम, तांड्यावरच्या पोरांची बोली समजणारी तुमच्याशिवाय कोण आहे इथं? घाई करू नका."

घाई नाही. पण असं किती काढायचं?

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आज एक करून पाहिलं. प्रार्थना झाल्यावर वर्गात पोरांना म्हटलं, डोळे मिटा आणि जे जे ऐकू येतं ते मनात धरून ठेवा. मग सांगायचं.

वाटलं, खिदळतील. नाही! एकदम गप्प.

मग सांगू लागले. ट्रक. होल्याचं घुमणं. सयपाकघरातली कढई. कोणाच्यातरी पोटातली गुडगुड. राखी म्हणाली, "मॅडम, तुमच्या बांगड्या." राखी राठोड. तांड्यावरून येते, आजीजवळ राहते, आईबाप ऊसतोडीला गेले की सहा महिने येत नाहीत. गणितात कच्ची, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"आणि तुम्हाले काय आलं ऐकू, मॅडम?"

"घूं," म्हटलं. सगळे हसले. अख्खा वर्ग दिवसभर घूं घूं करत फिरला.

त्या गोंगाटात मी सगळ्यांना बेरजा शिकवल्या. डोकं उठलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटले. आवाज आहे. असू दे.

२३ जानेवारी, गुरुवार

रोज सकाळी वर्गात आमचा 'ऐकायचा वेळ'. आता पोरंच आठवण करून देतात. नोकरी सोडायचा विषय मी परत काढला नाही, पुंडलिकरावांनीही नाही.

विजयमालाताई म्हणाल्या, "चेहरा बदलला तुमचा."

काय बदललं ते मला सांगता येत नाही. आवाज तेवढाच आहे. वाढतो, उतरतो. वाढला की मी मनात म्हणते, आला — येऊ दे. आणि तो येतो, आणि मी आपली माझ्या कामात. कशाचंच फार वाटत नाही हल्ली. सुखाचंही आणि दुःखाचंही. हे चांगलं की वाईट, तेही वाटत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहावं की नाही. लिहिते.

सकाळचा ऐकायचा वेळ. पोरं डोळे मिटून बसलेली, मीपण. कानातला आवाज वाढला. आला, म्हटलं, येऊ दे. आणखी वाढला. एवढा कधीच वाढला नव्हता. मी श्वास घेतला, सोडला. येऊ दे. बसू दे. मला वाटलं, आज मी पुढच्या पायरीवर गेले! असंच वाटलं. खोटं कशाला लिहू.

राखीचा आवाज आला. "मॅडम, माशा!"

शाळेमागच्या पिंपळावरचं आग्या मोहोळ उठलं होतं. घारीने चोच मारली की कोणी दगड फेकला, अजून कळलं नाही. मी डोळे उघडेपर्यंत राखी खिडकीशी धावली होती. एक खिडकी लावली, दुसरी लावली. तिसऱ्या खिडकीतून माशा आत आल्या आणि तिच्या तोंडावर, मानेवर बसल्या.

मी ओरडले, "कोणी हलू नका! दप्तर डोक्यावर!" पोरं हलली नाहीत. राखीवर माझा पदर टाकला, तिला कवेत घेऊन कोपऱ्यात बसले. पुंडलिकरावांनी बाहेरून दार लावून धूर केला. मला तीनचार चावल्या. तिला किती, ते पाहवत नव्हतं. चेहरा ओळखू येत नव्हता.

दवाखान्यात नेलं. सलाईन लावली. श्वास जड झाला होता, नंतर नीट झाला. डॉक्टर म्हणाले, रात्रभर ठेवू.

घरी येऊन आंघोळ केली. हात थरथरत होते. हात थरथरताहेत, हे पाहायला मी बसले नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

राखी बरी आहे. सूज उतरतेय. एक डोळा उघडला तिने. मला पाहून म्हणाली, "मॅडम, आज ऐकायचा वेळ झाला?"

आजी जमनीबाई कॉटजवळ जमिनीवर बसल्या होत्या. मला जागा करून दिली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमी होत्या ना, मॅडम, तेथी?"

"होते."

"मंग तुमाले काहून नाही दिसलं?"

रागाने नाही, साधं विचारलं. मी म्हटलं, "ऐकू आलं होतं. मले वाटलं, माझ्या कानातलंच आहे."

त्या पाहतच राहिल्या. मग राखीच्या अंगावरची चादर नीट केली.

१० फेब्रुवारी, सोमवार

शाळेत माझा सत्कार! पुंडलिकराव परिपाठात म्हणाले, मॅडमनं पोरांना शांत बसायची सवय लावली म्हणून एकही पोरगं पळालं नाही, म्हणून सगळी वाचली. टाळ्या. गावातला एक जण फोटो काढून गेला.

खरं आहे ते. पळाली असती तर मैदानात गाठलं असतं माशांनी. पण हेही खरं, की मी ऐकूनही बसून राहिले. दोन्ही खरं. कोणाला सांगू?

पुंडलिकरावांना एकट्याला सांगितलं. ते म्हणाले, "काहीतरीच, मॅडम! किती मनाले लावून घ्यान?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

बसत नाही आता. पाट भिंतीला टेकवून ठेवला. वर्गातही ऐकायचा वेळ बंद. पोरं विचारतात. उद्या, म्हणते.

आवाज कानठळ्या बसवतोय. प्रत्येक आवाजाला दचकते — मिक्सर, मोटरसायकल. कुठला बाहेरचा, कुठला माझा?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विजयमालाताईंकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, समजूत घालतील. घातली नाही. ऐकून म्हणाल्या, "माझं चुकलं. शेजारी म्हणून सोडून दिलं मी. शेजाऱ्याच्या घरी काय चाललं ते पाहावंही लागते, हे सांगायचं राहून गेलं."

मग आम्ही दोघी गच्चीवर नुसत्या बसलो. डोळे उघडे ठेवून. कावळे, ट्रक, खाली कोणीतरी कपडे आपटत होतं.

राखी आज शाळेत आली. गालावर डाग आहेत. खिडकीजवळची जागा तिने स्वतःच मागितली.

१६ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी व्हरांड्यात बसले होते. सडकेवर ट्रक आला, मी दचकले. हे येऊन बाजूला बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

म्हणाले, "मान हलवून पाह्य. बाहेरचा आवाज असला त जागच्या जागी राह्यते. आतला आपल्यासंगं फिरते."

हलवली. डावीकडे, उजवीकडे. सडकेवरचा ट्रक सडकेवरच राहिला. माझा माझ्यासोबत आला. खरंच!

"तुम्हाले कसं माहीत?"

त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "दिपाली पहिलीत होती, तवापासून आहे मले. दोन्ही कानांत."

"सांगितलं काहून नाही?"

"तुले झोप लागत होती ना चांगली."

अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो दोघं. आपापलं ऐकत.