बिनमिठाची आमटी

आई, तुझ्या उजव्या गालाबद्दल लिहायला बसले आहे. बसवनगुडीतल्या आपल्या कानडी गल्लीत हळदीकुंकवाला बायका दोन्ही गालांना हळद लावायच्या. शेजारच्या अक्कांचं बोट गालाला लागलं की तू किंचाळून मागे सरायचीस. बायकांना वाटायचं, पुण्याकडची आहे, फार शिष्ट. मलाही तसंच वाटायचं. एकदा सगळ्यांसमोर मी म्हणाले, "पुरे झाली नाटकं." दातांच्या डॉक्टरांनी तुझ्या उजवीकडच्या तीन चांगल्या दाढा उपटल्या. दाढा गेल्या, कळ होती तिथेच राहिली. वीज चमकावी तशी यायची आणि तू घास हातात धरून बसून राहायचीस.

मी तेव्हा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. एके दिवशी कॉलेजात बेडकाची नस मिठाच्या पाण्यातून काढून साखरेच्या पाण्यात ठेवली, तर ती मुकी झाली. मिठातलं सोडियम नसेत शिरतं तेव्हाच ती बोलते, सोडियम नाही तर कळ नाही. घरी येऊन हे सगळं मी तुला ऐकवलं. तू नारळ खोवत होतीस. हात थांबवून विचारलंस, "मग मी खाण्यातलं मीठ सोडलं तर गं?" मी हसले. परीक्षा जवळ आली होती, कळ आली की तू मला मारायचीस त्या हाका नको झाल्या होत्या. म्हणाले, "बघ करून."

दुसऱ्या दिवसापासून तुझी आमटी वेगळी. बाबा कारखान्यातून आले की चिडायचे, "हे काय नवीन खूळ?" तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." महिन्याभरात तुझे डोळे खोल गेले. कळ तेवढीच होती. एकदा तू ताटावरून विचारलंस, "स्वल्प घालू का मीठ? घास उतरत नाही." मी पुस्तकातून मानही वर केली नाही. "एवढंही जमत नसेल तर दुखतं म्हणून रडू नकोस." तू कानडीत "सरी", बरं, म्हणालीस आणि पाण्याच्या घोटाबरोबर भात गिळलास.

पुढे वाटण वाटताना रगड्यापाशी चक्कर येऊन पडलीस. डॉक्टर तुझ्यावर ओरडले, मीठ सोडायला कोणी सांगितलं म्हणून. मी दारात उभी होते. तू म्हणालीस, "माझं मीच." त्यानंतर तू मीठ खाल्लंस, आणि कळ सोसत आणखी दोन वर्षं जगलीस.

तू गेल्यावर काही वर्षांनी त्या दुखण्यावर गोळी आली. नसेवर सोडियमची बारीक दारं असतात, गोळी ती आवरून धरते. पानातल्या मिठाशी त्यांचा काही संबंध नाही. तुझ्याच वयाच्या एका बाईंना मी ती दिली. आठवड्याने येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, काल भाकरी चावून खाल्ली." मला त्यांचा इतका राग आला की कागदावर सही करून पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी नवशिकी होते, मला काय ठाऊक, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तुला हे पोचणार नाही म्हणून लिहिते. तू पडण्याच्या पंधरा दिवस आधी माझा पेपर होता. प्रश्न आला होता, खाण्यातलं मीठ कमी झालं तर मूत्रपिंड रक्तातलं मीठ कसं राखून ठेवतं. नसेला ते मिळतच राहतं आणि माणूस तेवढा वाळत जातो. मी चार पानं लिहिली. घरी आले तेव्हा तू जेवत होतीस. सांगणार होते. पण मीठ सोडल्यापासून कळ आली तरी तू मला हाक मारत नव्हतीस, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक पेपर होता.