किंगरी मोडणाऱ्या आबास

आबा, हे पत्र तुमाला पोचणार न्हाई, आन् पोचावं असंबी मला वाटत न्हाई. आठवीतनं शाळा सुटली, तवा अक्षराकडं बघू नका. तसं जितेपणीबी तुमी माझं काय बघितलं होतं?

आज सुट्टी हाय. हितं गुजरातमधी टाइल्सच्या कारखान्यात आठवड्यातनं एक दिवस भट्टीपासून सुटका मिळते. बाकीचे कपडे धुतात, मोबाइल घेऊन लोळतात. मी पत्र्याच्या खोलीमागं पोतं टाकून किंगरी वाजवतो. सुका भोपळा, त्यावर चामडं, बांबूची काठी, एक तार आन् घोड्याच्या केसांचा गज. शेजारचा ओडिशाचा माणूस म्हणतो, आमच्याकडं ह्याला केंदरा म्हणतात. एका राजस्थानवाल्याकडनं मोरचंग घेतलं, ते दातात धरून वाजवतो, ओठ सोलून निघालेत. मला रिकामं बसवत न्हाई. तुमी एक मोडलीत, माझ्या खोलीत आज सहा वाद्यं हायेत.

पाटोद्याचा बाजार आठवतो का? मी सतरा वर्षांचा. तुमी बैलाचा दोर घ्यायला गेलतात आन् मला सामानापाशी बसवलंत. दरसाल सुगीला आपल्या दारी येणाऱ्या किंगरीवाल्या म्हाताऱ्यानं मला शिकवलं होतं, किंगरीबी त्यानंच करून दिलती. ती मी पोत्यात लपवून आणली होती. वाजवायला बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा सूर नीट लागला, माझे डोळे आपोआप मिटले. उघडतो तर एक बाई माझ्यापुढं ओंजळभर ज्वारी टाकून चाललेली. तिची काय चूक? किंगरी वाजली की ज्वारी घालायची, आपल्याबी घरात तीच रीत. मला हसू आलं. तुमाला न्हाई आलं.

"लोकं ज्वारी टाकाय लागलेत बे तुझ्यापुढं," तुमी मागनं म्हणालात. "हे कावून शिकलास? घरात खायला न्हाई का?"

"आबा, नुसता नाद हाय."

"मागून खाणाऱ्याचा नाद माझ्या पोराला नगं."

भोपळा तुमच्या पायाखाली फुटला. दोरवाल्याच्या दुकानापुढं पंधरा माणसं बघत होती. त्यातला एक म्हणाला, "आबा, ज्वारी तरी उचला, भाकरीपुरती हाय." सगळे हसले. घरी आल्यावर तुमी काठीचे तुकडे न्हाणीच्या चुलीत घातलेत, त्यावर पाणी तापवलंत आन् ते तुमच्या अंगावर मला ओतायला लावलंत.

त्या आंघोळीचा सूड मी घेतलाय. तेच सांगायला बसलोय.

पुढच्याच साली तुमी गेलात. दहाव्याला नदीकाठी मी पिंड ठेवला, माणसं मागं सरली. लिंबावर पाच-सहा कावळे. एक खाली यायला लागला. माझ्या हातात घासलेला तांब्या होता. तो मी उन्हात जरासा तिरपा केला. चमक पडली, कावळा उडाला. परत आला, परत तिरपा केला. कुणाला कळलं न्हाई. मनात म्हणलं, बसा ताटकळत. बाजारात मी उभा होतो ना, आता तुमी चारचौघांत थांबा.

माणसं तुमची इच्छा हुडकायला लागली. चुलता हात जोडून म्हणतो, "दादा, बांधाचं भांडण मिटवतो." तांब्या हलला. मग तो माझ्या कानाशी येतो. "ते वाजवायचं सोडलं म्हण. त्यातच त्याचा जीव अडकलाय."

"न्हाई म्हणणार."

"बापापरीस भोपळा मोठा व्हय बे?"

मी तांब्या तिरपाच धरला. पाय भाजत होते, आन् मला लई बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आई बायकांतनं उठून पुढं आली. कुणी अडवलं, तिनं ऐकलं न्हाई. पिंडाकडं बघत म्हणाली, "त्याला वाजवू द्या. त्याच्याऐवजी मी सोडते. आजपासून गोड तोंडात घालणार न्हाई. आता तरी जेवा."

माझा हात खाली आला. कावळा बसला. सगळे म्हणाले, बघा, हेच पायजे होतं त्याला.

दिवाळीला गेलतो. माझ्या ताटात तिनं पुरणपोळी वाढली आन् आपण आमटीत भाकरी कुस्करून बसली. म्हणलं, "आई, एक घास खा, इतकी वर्षं झाली."

"तुझ्या बापाला शब्द दिलाय. तू वाजव की. त्यांनी तुला मोकळीक दिलीय आता."

तुमी मला मोकळीक दिलीत म्हणं, आबा. ती सगळ्या गावाला असंच सांगते. मी काढलेला सूड तुमच्या दयेच्या नावावर चढलाय, आन् भोगतेय ती. तुमच्यावरचा राग तसूभर कमी झालेला न्हाई, पण आता तो तुमच्यापाशी जाऊन पोचतच न्हाई.

गावच्या पत्त्यावर हे टाकलं तर आई कुणाकडनं तरी वाचून घेईल. मग ती गोड खाईलबी. पण माझ्या हातचं खाईल का, ह्याची मला भीती वाटते. म्हणून टाकत न्हाई.